जस्ताचा अतिरेक आणि तांब्याची तूट

ज्या द्रव्यांची शरीरास दिवसाकाठी अवघ्या काही मिलिग्रॅमांची गरज असते, ती थोडी अधिक पोटात गेली तर हित झाले नाही तरी अहित खचित होत नाही, अशी समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. ही समजूत किती घातक ठरू शकते, याचा प्रत्यय अमळनेर तालुक्यात शेती करणाऱ्या माझ्या थोरल्या बंधूंच्या, म्हणजे अण्णांच्या, दुखण्याने मला आला.

2020 साली महामारीच्या धास्तीने घरोघर जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या आल्या, तशा त्या अण्णांकडेही आल्या. साथ ओसरली, परंतु सकाळ-संध्याकाळ 50 मिलिग्रॅमची एकेक गोळी घेण्याचा शिरस्ता मात्र बिनतक्रार चालू राहिला. पुढे त्यांना दम लागू लागला, चेहरा पांढुरका पडला, हिमोग्लोबिन उतरले, लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही ते चढेना, आणि अखेर तळपाय इतके बधिर झाले की चालता चालता चप्पल कोठे निसटली याचाही त्यांना पत्ता लागेना. ‘काय व्हई ऱ्हायनं, काही समजत नही भाऊ,’ एवढेच ते म्हणत. त्यांना मी धुळ्यास आणले, तेव्हा तेथील रक्तविकारतज्ज्ञांनी घरातील झाडून साऱ्या गोळ्या मेजावर मांडावयास लावल्या, झिंकचे पाकीट तेवढे बाजूस काढले आणि रक्तातील तांब्याची तपासणी सांगितली. तांबे अत्यल्प निघाले.

याचा खुलासा असा की, जस्त दीर्घकाळ अतिरिक्त प्रमाणात पोटात गेले म्हणजे आतड्याच्या अस्तरात एक प्रथिन वाढते, ते जस्तापेक्षाही तांब्याला घट्ट धरून ठेवते, आणि अस्तराच्या पेशी काही दिवसांनी झडतात तेव्हा ते तांबेही रक्तात न जाता देहाबाहेर जाते. लोहाची शरीरातील ने-आण तांब्यावाचून नीट होत नसल्यामुळे अण्णांनी घेतलेले लोह कामी येत नव्हते. शिवाय मज्जातंतूंनाही तांबे लागते, म्हणून पाय बधिर झाले.

मानवी शरीरातील जस्ताचे महत्त्व ज्यांनी 1961 साली इराणमधील शिराझ येथील खुरटलेल्या तरुणांच्या अभ्यासातून पुढे आणले, त्या बक्सरला जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांनीच सहकाऱ्यांसह 1978 साली जस्ताच्या उपचाराने तांबे घटत असल्याची नोंद केली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जस्त वाईट नव्हे. अतिसार झालेल्या सहा महिन्यांवरील बालकास जलसंजीवनीबरोबर रोज 20 मिलिग्रॅम जस्त 14 दिवस देतात, ते अवश्य द्यावे. परंतु तेथे मात्रा ठरलेली आहे आणि मुदतही ठरलेली आहे.

प्रौढ पुरुषास रोज सुमारे 17 आणि स्त्रीस सुमारे 13 मिलिग्रॅम जस्त पुरते, आणि 40 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा होय, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशी सांगतात. म्हणून पाकिटावरील ‘एलिमेंटल झिंक’चा, म्हणजे निव्वळ जस्ताचा, आकडा वाचावा, टॉनिकातील जस्तही त्यात मिळवावे, आणि वैद्यांपुढे जाताना घेत असलेली प्रत्येक गोळी बरोबर न्यावी. लोह घेऊनही रक्त वाढत नसेल, तर लोहाची मात्रा वाढवीत न बसता कारणाचा छडा लावून घ्यावा. मग आहारातून जस्त मिळेल का, अशी शंका येईल. ज्वारी-बाजरीतील फायटेट हे द्रव्य जस्ताला व लोहाला अडवून धरते हे खरे. परंतु धान्य भिजवून आंबविल्याने ते कमी होते, आणि बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी भिजत घालणाऱ्या खानदेशी गृहिणीला ही कृती नवी नाही. तीळ, शेंगदाणे आणि डाळी यांतून जस्त व तांबे दोन्ही मिळतात.

झिंक बंद करून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तांबे सुरू केल्यावर अण्णांचे रक्त पूर्ववत झाले. बधिरता मात्र पुरती गेली नाही, कारण मज्जातंतूंची हानी रक्ताच्या तुटीइतकी सहजासहजी भरून निघत नाही. मक्याला झिंक सल्फेट घालण्यापूर्वी मातीचा नमुना तपासावयास पाठविणाऱ्या अण्णांनी स्वतःच्या रक्ताची तपासणी मात्र शरीर कुरकुरेपर्यंत केली नव्हती, यावर आता ते स्वतःच हसतात. कचेरीत दप्तर सांभाळण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याची शिफारस एवढीच की, प्रत्येक पाकिटावर गोळी सुरू केल्याची तारीख व बंद करावयाची तारीख लिहावी, आणि दुसरी तारीख वैद्य सांगू शकत नसतील, तर पहिली लिहूच नये.