परसातील आमरी : जोपासना आणि अभिवृद्धी

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिलच्या अखेरीस कोल्हापुरात वळवाचा जोराचा पाऊस झाला आणि आमच्या परसातल्या जुन्या आंब्याची एक मोठी फांदी मोडून पडली. तिच्या सालीला घट्ट धरून बसलेली चार रोपेही फांदीबरोबर खाली आली. जाड, अरुंद, पन्हळीसारखी पाने आणि त्यांतून लोंबणारी सुतळीसारखी पांढुरकी मुळे. शेजारचे आप्पा कुंपणापलीकडून म्हणाले, "आरं, बांडगूळ हाय त्ये. चुलीत घाल जा." आजी म्हणाली, "नको रे, उन्हाळ्यात त्याला वासाची फुलं येत्यात."

मी आजीचे ऐकले. तरीही त्यांतली तीन रोपे माझ्याच हातून मेली. मी हौसेने कुंड्या आणल्या, काळी माती आणि शेणखत भरले, रोपे लावली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. महिन्याभरात मुळे काळी पडून सडली, पाने गळाली. चौथे रोप फांदीच्या जड ओंडक्याला चिकटलेले होते. ते उचलायचा मी कंटाळा केला होता. धुण्याच्या दगडामागे ते तसेच पडून राहिले, आणि तेच जगले! हे कोडे उलगडावे म्हणून मी वाचू लागलो, जाणत्यांना विचारू लागलो. मी भूगोलाचा विद्यार्थी. वनस्पतिशास्त्रात माझा अधिकार नाही. परंतु घरी करून पाहिलेले आणि ग्रंथांतून पडताळलेले असे जे थोडे हाती लागले, ते येथे मांडीत आहे.

आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे

ऑर्किडला मराठीत आमर किंवा आमरी म्हणतात. आंब्यावर आढळते म्हणून आमरी, असे सांगितले जाते. सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या कुलांपैकी हे एक असून जगात त्याच्या २५ हजारांहून अधिक जाती आहेत. भारतात सुमारे १,२५०. त्यांतल्या कित्येक जमिनीत वाढतात. पण ज्यांची हौस माणसाला लागते त्या बहुतेक झाडांवर राहणाऱ्या आहेत.

बांडगूळ आपली मुळे झाडाच्या आत खुपसून त्याचा रस पिते. आमरी तसे काही करीत नाही. ती झाडाकडून फक्त बसायला जागा घेते. पाणी पावसाचे आणि दवाचे, अन्न सालीच्या खाचांत साठलेल्या पालापाचोळ्याचे. तिच्या मुळांवर मृत पेशींचे एक स्पंजासारखे पांढरे आवरण असते. पाऊस पडला की ते आवरण क्षणात पाणी टिपते आणि मूळ हिरवे दिसू लागते. वाळले की पुन्हा पांढरे. अशा मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. मी ते चिकण मातीत गाडले, म्हणजे त्याचा श्वासच बंद केला. ओंडक्यावरच्या रोपाला मात्र वारा होता, वळवाच्या सरी होत्या, आणि दोन सरींच्या मध्ये कोरडे होण्यास अवधी होता.

आमच्या आंब्यावरची आमरी म्हणजे 'वांदा टेसेलाटा'. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी चौकड्या, मधली ओठासारखी पाकळी निळी-जांभळी, आणि मंद सुवास. 'वांदा' हे शास्त्रीय नाव सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत 'वंदा' या शब्दावरून घेतले. गंमत अशी की, संस्कृतात 'वंदा' हा शब्द बांडगुळालाही वापरतात. तेव्हा आप्पांची चूक फार जुन्या आणि प्रतिष्ठित परंपरेतली आहे!

आपला पश्चिमेचा ठेवा

कोल्हापूर शहरात वर्षाकाठी साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला जेमतेम ५५ किलोमीटरवर असलेल्या गगनबावड्याला त्याच्या पाचपट. या फरकामुळेच राधानगरी, दाजीपूर, आंबोलीच्या रानांत आमरींची रेलचेल आहे. मे-जूनमध्ये फुलांचे लांबसडक घोस सोडणारी 'सीतेची वेणी' सर्वांत प्रसिद्ध. हीच आसामची 'कपौ फूल'. बिहूच्या नाचात तेथील मुली ती केसांत माळतात, आणि ते त्या राज्याचे राज्यपुष्पही आहे. डेंड्रोबियमच्या काही जाती हिवाळ्यात सगळी पाने टाकतात आणि निष्पर्ण काड्यांवर पांढरी फुले उमलवतात.

या वनस्पतींची नोंद फार पूर्वीपासून होत आली आहे. ग्रॅहमची मुंबई इलाख्यातील वनस्पतींची यादी १८३९ ची, डालझेल व गिब्सन यांचा ग्रंथ १८६१ चा, कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळातला. केवळ आमरींना वाहिलेला सांतापाव आणि कपाडिया यांचा ग्रंथ १९६६ मध्ये निघाला.

घरी कशी जोपासावी ?

आधार : झाडावर बांधायची असल्यास साल खडबडीत व टिकाऊ हवी. आंबा, चिक्कू, फणस उत्तम. पेरूची आणि निलगिरीची साल सोलून पडते, म्हणून ती झाडे नकोत. रोप काथ्याने किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्टीने घट्ट बांधावे. हलत राहिल्यास नव्या मुळांची टोके मोडतात. मुळांनी साल धरेपर्यंत बांधणी सोडू नये. कुंडीत लावायचे असल्यास बाजूलाही भोके असलेली मातीची कुंडी किंवा तारेची टोपली घ्यावी आणि तीत विटांचे तुकडे, लाकडी कोळसा व नारळाची सोडणे भरावीत. सोडणे दोन-तीन दिवस भिजत घालून, पाणी बदलून मग वापरावीत. मातीचा कणही नको.

उजेड : वांदाला भरपूर उजेड लागतो, मात्र चैत्र-वैशाखातले दुपारचे ऊन नको. रोपवाटिकेत मिळणाऱ्या संकरित डेंड्रोबियमला अर्ध्या सावलीची हिरवी जाळी पुरते. रुंद पानांच्या फॅलेनॉप्सिसला पूर्वेकडची खिडकी बरी. पाने गर्द हिरवी व लुसलुशीत होऊन फुले येईनाशी झाली की उजेड कमी पडतो असे समजावे. पिवळी पडून भाजली तर जास्त.

पाणी : मुळांचा रंग पाहून पाणी द्यावे, हा सोपा नियम. मूळ पांढरे दिसले तर द्या, हिरवे असेल तर थांबा. उन्हाळ्यात टांगलेल्या रोपांना रोज सकाळी, कधी दोनदाही लागते. कुंडीतल्यांना एक-दोन दिवसांआड. संध्याकाळी पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये, कूज लागते. विहिरीचे पाणी जड असल्यास पागोळ्यांचे पाणी साठवून वापरावे. पाने टाकणाऱ्या डेंड्रोबियमला कार्तिकापासून कळ्या दिसेपर्यंत पाणी जवळजवळ बंद ठेवावे. ती त्याची विश्रांती आहे. रोप मेले असे समजून लोक याच काळात ते भिजवून सडवितात किंवा उपटून टाकतात.

खत व कीड : १९:१९:१९ हे विरघळणारे खत लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा फवारावे. अधिक दिल्यास मुळांची टोके जळतात. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या मऊ ब्रशाने पुसून काढावेत. पावसाळ्यात गोगलगाई एका रात्रीत नवे कोंब फस्त करतात. कंदील घेऊन रात्री वेचणे हा माझा उपाय.

एकाची दोन कशी करावी ?

वाढीच्या दृष्टीने आमरींचे दोन प्रकार पडतात, आणि अभिवृद्धीची रीत त्यावर अवलंबून असते.

पहिला प्रकार आडवा पसरणारा. डेंड्रोबियम यातला. दरवर्षी बुडातून नवा कोंब फुटतो आणि जुनी जाड खोडे मागे राहतात. नवी मुळे फुटू लागण्याच्या सुमारास, आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी, रोप सोडवावे आणि प्रत्येक भागात किमान तीन खोडे राहतील असे विभाजन करावे. एक-एक खोड वेगळे केले तर जगते खरे, पण फुलायला वर्षे लागतात. सुरी ज्योतीवर तापवून, निववून घ्यावी. एका रोपाचा रोग दुसऱ्यात सुरीनेच जातो. कापलेल्या जागी कोळशाची पूड किंवा हळद लावून दोन-तीन दिवस पाणी देऊ नये. पर्णहीन जुन्या खोडांवर कधीकधी छोटी पिले फुटतात. त्यांना 'केइकी' म्हणतात. हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ बाळ. पिलाची मुळे दोनएक इंच झाली की ते काढून स्वतंत्र लावावे.

दुसरा प्रकार सरळ वर वाढणारा. वांदा यातला. याचे बुडाशी विभाजन होत नाही. खोड उंच झाले की वरचा भाग किमान तीन-चार निरोगी मुळांसह कापून वेगळा बांधावा. खालच्या बुंध्याला पाने ठेवावीत. पानांच्या बेचक्यांतून पुढे नवे कोंब फुटतात.

मग बियांपासून रोपे का करू नयेत, असे कोणी विचारील. आमरीच्या एका शेंगेत धुळीसारख्या बिया हजारोंनी, काही जातींत लाखोंनी असतात. पण त्यांत अन्नाचा साठाच नसतो. एका विशिष्ट बुरशीने अन्न पुरविले तरच बी रुजते, हे फ्रान्समध्ये नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेत ल्युइस नडसन यांनी १९२२ मध्ये बुरशीऐवजी साखर आणि क्षार घातलेल्या माध्यमावर बिया रुजविल्या. पुढे १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून हुबेहूब रोपे तयार करण्याची रीत दिली. आज बाजारात रोपे स्वस्त झाली ती या प्रयोगशाळांमुळे.

येथे एका मुलाची आठवण ठेवणे उचित होईल. आइस्क्रीममधील व्हॅनिला ही आमरीचीच शेंग. मेक्सिकोबाहेर नेलेल्या वेलीवर फळ धरत नसे. रेयुनियन बेटावरील एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने १८४१ मध्ये एका काडीने आणि अंगठ्याने फुलांचे परागीभवन करून दाखविले, आणि त्या रीतीवर त्या बेटाचा व्यापार उभा राहिला. तो स्वतः १८४८ मध्ये मुक्त झाला, पण मेला दारिद्र्यातच.

रानातून नको

हा सारा खटाटोप कशासाठी? आमरी हवी असल्यास घाटात जाऊन ओढून आणणे सोपे नाही का? सोपे आहे, आणि म्हणूनच घातक आहे. पर्यटक फांदीसकट रोप उचलतात. रस्त्याकडेला टोपलीत घेऊन बसलेला विक्रेता दिसला की आपण दोन पैसे टाकून पुण्य केल्यासारखे वागतो. ती रोपे रानातून ओरबाडलेली असतात. घाटातल्या धुक्याची सवय असलेले रोप शहरातल्या गच्चीवर एखादा उन्हाळा काढील, दुसरा क्वचितच. बीला बुरशी भेटण्याचा योग आणि पुढे फुलापर्यंतची वर्षे लक्षात घेतली, म्हणजे एक रोप उपटल्याने रानाचे काय जाते ते कळते. राधानगरीचे अभयारण्य २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांत आहे. तेथून काहीही उचलणे हा गुन्हा आहे. आमरींचा आंतरराष्ट्रीय व्यापारही १९७५ पासून निर्बंधाखाली आहे. पण कायद्यापेक्षा माझ्या कुंड्यांतली ती तीन सडलेली रोपे मला अधिक शिकवून गेली. ती आमच्याच आंब्यावरची होती, आणि आजीच्या शब्दाखातर मी ती हाती घेतली होती. तरी अज्ञानापायी गेली.

म्हणून माझे सांगणे एवढेच : आमरी रोपवाटिकेतून घ्यावी किंवा कोणाच्या परसातून मागून घ्यावी, आपल्याकडे वाढली की विभागावी आणि दुसऱ्याला द्यावी. आपल्या महाविद्यालयाच्या आवारातील आंब्यांवर अशी दान दिलेली चार रोपे बांधता आली, तर पुढच्या तुकड्यांना बांडगूळ आणि आमरी यांतील फरक डोळ्यांनी दिसेल.

ओंडक्यावरचे ते चौथे रोप मी पुन्हा आंब्याला बांधले. मागच्या मे महिन्यात त्याला फुलांचा तुरा आला; आजीने खुर्ची टाकून तो पाहिला. जूनमध्ये मी त्याचा शेंडा कापला आणि आप्पांच्या चिक्कूवर नेऊन बांधला. त्यांनी शिडी धरली. त्याला अजून फूल नाही, पण हिरव्या टोकाची दोन नवी मुळे सालीला चिकटली आहेत. आप्पा रोज सकाळी त्यावर तांब्याभर पाणी शिंपडतात आणि मला पाहिले की सांगतात, "तुजं बांडगूळ बरं हाय बघ."