चला, जरा चालून येऊ



घरातली एखादी व्यक्ती सकाळी अंथरुणातून उठत नाही, आंघोळ टाळते, अन्नावरची तिची वासना उडते, हळूहळू ती मिस्सालाही येईनाशी होते. आपण म्हणतो, ‘आळस भरलाय’, ‘काम नाही म्हणून विचार करत बसते’ किंवा, याहून वाईट म्हणजे, ‘प्रार्थना कमी पडते.’ दोन आठवडे किंवा अधिक काळ रोजच असे चालले असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. मधुमेहासारखाच तोही डॉक्टरांना दाखवायचा आजार आहे. श्रद्धा उणी असल्याची ती खूण नव्हे.

या आजारात व्यायामाने बरे वाटते, असे आपण ऐकतो. ते कितपत खरे, हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. जेम्स ब्लुमेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पन्नास वर्षे व त्यापुढील वयाचे १५६ रुग्ण होते. एका गटाला सर्ट्रालीन हे औषध दिले, दुसऱ्याला फक्त व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. व्यायाम साधाच होता. आठवड्यातून तीनदा एकत्र जमायचे, दहा मिनिटे अंग मोकळे करायचे, अर्धा तास भरभर चालायचे किंवा हळू धावायचे आणि शेवटची पाच मिनिटे वेग कमी करत थांबायचे.

१६ आठवड्यांनी तिन्ही गटांत दर दहांपैकी सहा-सात जण आजारातून बाहेर आले होते. औषधाने गुण लवकर आला, व्यायामाने सावकाश. पण त्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा बऱ्या झालेल्यांपैकी केवळ व्यायाम करणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण औषधाच्या गटापेक्षा बरेच कमी आढळले.

हे वाचून कुणी गोळ्या बंद करू नयेत. गोळी कमी करायची की थांबवायची, हे डॉक्टरच ठरवतील. शिवाय त्या अभ्यासातले लोक व्यायामाची तयारी दाखवून आले होते; त्यांना सोबत होती, शिकवणारा होता. आपल्या घरातल्या माणसाला तर पायात चपला घालणेही जड जाते.

खरी अडचण इथेच आहे. हा आजार आधी इच्छाच मारतो. ‘मन लागले की जाईन,’ असे रुग्ण म्हणतो, आणि मन काही लागत नाही. म्हणून क्रम उलटा करावा लागतो: आधी पाय उचलायचे, मन मागून येते. पण पहिले पाऊल त्याला एकट्याला टाकता येत नाही. ‘ऊठ, व्यायाम कर’ हे त्याला रागावण्यासारखेच वाटते. त्यापेक्षा ‘मला नाक्यापर्यंत जायचंय, चल ना सोबत,’ असे म्हणावे. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत. वाटेत बोललेच पाहिजे असे नाही. परत आल्यावर ‘बघ, किती बरं वाटलं!’ असे तर मुळीच म्हणू नये. नाही म्हटले तर न रुसता उद्या पुन्हा विचारावे.

आमच्या भगिनी विचारतील, ‘आम्ही दिवसभर राबतो, तो व्यायाम नाही का?’ श्रम तर ते आहेतच. पण त्यात स्वतःचा वेळ नसतो, मोकळी हवा नसते, सोबतही नसते. आई किंवा सून आजारी असेल, तर अर्धा तास भाकरीकडे दुसऱ्या कुणीतरी बघावे!

चालणेच हवे असेही नाही. २०२४ साली २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चालणे-धावणे, योगासने आणि वजने उचलणे यांचा चांगला उपयोग दिसला. ज्याला जे झेपेल आणि टिकेल ते करावे. हृदयविकार किंवा गुडघेदुखी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

‘जगून काय करू?’ अशी भाषा तोंडी आली, तर मात्र चालण्या-फिरण्यावर विसंबू नये. त्या माणसाला एकटे न सोडता लगेच डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते, आणि मराठीतही बोलता येते.

आज मिस्सानंतर घरी जाताना, बरेच दिवसांत न दिसलेल्या कुणाचे घर वाटेत लागत असेल, तर दार वाजवा. आत बसून चहा पिण्याऐवजी त्यांनाच म्हणा, ‘चला, जरा चालून येऊ.’