निळ्या रेषेवरची पोरं

ओंटारियो हॉकी लीग, म्हणजे ओएचएल, ही सोळा ते वीस वर्षांच्या मुलांची ज्युनिअर स्पर्धा. घरापासून दूर येऊन खेळणाऱ्या मुलांना क्लब गावातल्या एखाद्या कुटुंबात ठेवतो. त्याला इथे बिलेट म्हणतात. टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागात आमच्या घरी गेली अनेक वर्षं असा कुणी ना कुणी मुलगा राहत आला आहे. ऑगस्टअखेर बॅगा आणि काठ्या घेऊन येतो, बर्फ वितळायला लागलं की आपल्या घरी जातो. हॉकी म्हणजे अर्थातच बर्फावरची. खडकीच्या मैदानांवरची, धनराज पिल्ले यांची हॉकी मला लहानपणापासून माहीत होती, पण इथला खेळ मी या मुलांमुळेच बघायला शिकले. आमच्या वाट्याला आले ते बहुतेक बचावपटू, निळ्या रेषेवर उभे राहणारे. त्यामुळे माझं जे काही निरीक्षण आहे, ते त्यांचंच.

दर उन्हाळ्याच्या शेवटी घरात एक प्रश्न फिरतो. हा एनएचएलसाठी, म्हणजे सगळ्यांत वरच्या व्यावसायिक लीगसाठी, तयार आहे का? वडील फोनवर विचारतात, एजंट विचारतो, शेजारचे आजोबाही विचारतात. या प्रश्नाच्या शेजारी इतकी वर्षं राहून जे उमगलं, ते लिहिते आहे.

१. गोल मोजून कळत नाही, उंची मोजून तर नाहीच.

मिसिसागा स्टीलहेड्सकडून खेळणारा निकोलस हेग मी स्टँडमधून पाहिला आहे. सहा फूट सहा इंच उंची, आणि २०१७-१८ च्या मोसमात बचावपटू असून ३५ गोल. एनएचएलमधल्या व्हेगस गोल्डन नाइट्सने त्याला २०१७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब तरुण खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीत, चौतिसाव्या क्रमांकावर घेतलं होतं. आता हा थेट वर जाणार, असं आमच्या रांगेत सगळे म्हणत होते. व्हेगसने मात्र त्याला पुढचा मोसम शिकागोला, एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या लगेच खालच्या पायरीवर ठेवलं. २०१९-२० पासून तो वर खेळू लागला आणि २०२३ मध्ये स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकणाऱ्या संघात होता.

ज्युनिअरमध्ये उंच मुलाची काठी लांबवर पोचते आणि पायांची चूक झाकली जाते. वरचे फॉरवर्ड त्या काठीच्या आतून, अंगाला घासून निघून जातात. तिथे पायच लागतात. पाच फूट दहा इंचांच्या क्विन ह्यूजने २०२४ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक मिळवला तो अशा पायांच्या जोरावर.

२. पक पाठीमागे गेला की बचावपटूची मान बघा.

मला एकच कसोटी निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. समोरचा संघ मधल्या पट्ट्यातून पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, आपल्या कोपऱ्यात ढकलतो. बचावपटूला वळून, आपल्याच गोलकडे तोंड करून त्यामागे धावावं लागतं. त्याच्या पाठीवर दोन माणसं पूर्ण वेगाने येत असतात आणि समोर बोर्डाची भिंत असते. पक हाताशी येण्याआधी त्याने खांद्यावरून मागे पाहिलं का? एकदा की दोनदा? येणारा कोणत्या बाजूने येतोय, जोडीदार कुठे आहे, मधला फॉरवर्ड खाली उतरलाय का, एवढं त्या नजरेत टिपलं गेलं पाहिजे. ४०१ हायवेवर गाडी घालताना आरशात बघून झालेलं असतं, मग स्टिअरिंग वळतं, तसा हा क्रम अंगात मुरलेला असावा लागतो. पक काठीला लागल्यावर जो बघायला सुरुवात करतो, त्याला वरच्या लीगमध्ये भिंतीवर चेपलं जातं.

ज्युनिअरमध्ये हे उघडं पडत नाही, कारण तिथला हल्ला अर्ध्या क्षणाने उशिरा पोचतो. हुशार मुलगा न बघताही निभावून नेतो. लोक टाळ्या वाजवतात, त्यालाही वाटतं सगळं ठीक आहे.

पूर्वी हे काम थोडं सोपं होतं. जोडीदार मध्ये अंग घालून येणाऱ्याला अडवायचा, काठी अडकवायचा, आणि पंच बरंच काही सोडून द्यायचे. २००४-०५ चा अख्खा मोसम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात वाहून गेला. त्यानंतर २००५-०६ मध्ये खेळ सुरू झाला तेव्हा असं अडवणं पंच कडकपणे पकडू लागले. त्याच वेळी गोलमागे एक चौकट आखली गेली आणि गोलरक्षकाला कोपऱ्यातला पक हाताळायला बंदी झाली. दोन्ही मदती एकदम गेल्या. कोपऱ्यातला तो पक आता एकट्या बचावपटूचा, आणि म्हणून डोकं आणि पाय वेगाने चालणाऱ्या मुलाची किंमत त्यानंतर इतकी वाढली.

म्हणून मी सामन्यात पकच्या मागे डोळे फिरवत नाही. आमच्या घरच्या मुलाची मान बघत बसते. सुरुवातीला शेजारच्या बायकांना ते विचित्र वाटायचं.

३. फॉरवर्डचं माप बचावपटूला लावू नये.

अठरा वर्षांच्या फॉरवर्डला प्रशिक्षक चौथ्या ओळीत, कडेला खेळवू शकतो. त्याची चूक झाली तर मागे बचावपटू असतात. बचावपटूच्या चुकीमागे फक्त गोलरक्षक. शिवाय सामन्याला बचावपटू सहाच, तीन जोड्या. एकाला दुखापत झाली की उरलेल्या पाच जणांत साठ मिनिटं वाटायची. मुलाला लपवायला जागाच राहत नाही. बचावपटूला पिकायला दोन-तीनशे सामने लागतात, असं रिंकवरची जुनी माणसं सांगतात. आकडा सोडा, पण आठवड्यात तीन रात्री प्रौढ माणसांसमोर उभं राहून जी समज येते, ती दुसरीकडे मिळत नाही हे खरं.

४. नियमांनी मुलाला कात्रीत धरलं आहे, हे आई-वडिलांनी आधी समजून घ्यावं.

कॅनडाच्या मोठ्या ज्युनिअर लीगमधून ड्राफ्ट झालेल्या मुलाला साधारण वीस वर्षांचा होईपर्यंत एएचएलमध्ये पाठवता येत नाही. एनएचएलमध्ये ठेवा, नाहीतर ज्युनिअरला परत. एकीकडे ८२ सामन्यांचा प्रौढांचा मोसम, दुसरीकडे आपल्याहून लहान मुलांबरोबरचा खेळ, ज्यात त्याला आता फार थोडं शिकायला उरलेलं असतं. मधली पायरीच काढून टाकलेली. त्यात पहिल्या तीन वर्षांच्या कराराचा हिशेब आहे. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा नऊ सामने खेळला तरी कराराचं वर्ष खर्ची पडत नाही, दहावा खेळला की पडतं. दर ऑक्टोबरमध्ये वर्तमानपत्रांत या नऊ सामन्यांचीच चर्चा असते आणि आमच्या घरात फोन वाजला की सगळे दचकतात.

२०२५ मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी ठरवलेल्या नव्या करारात एकोणीस वर्षांच्या एका मुलाला एएचएलमध्ये पाठवण्याची वाट प्रत्येक क्लबला मोकळी करण्याची तरतूद आहे. त्याच वर्षापासून ज्युनिअर खेळलेल्या मुलांना अमेरिकन कॉलेज हॉकीचं दारही उघडलं. मला या दोन्ही गोष्टींचा मनापासून आनंद झाला. सर्वात जास्त गरज होती ती बचावपटूंनाच.

५. परत आलेला मुलगा हरलेला नसतो.

एनएचएल क्लबच्या सराव कॅम्पमधून परत पाठवलेली मुलं मी दारात घेतली आहेत. पहिले दोन-तीन दिवस जेवण उतरत नाही. आईचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलतात. तिकडे मी लक्ष देत नाही, ते होणारच. मी बघते त्यानंतरचा आठवडा.

एक मुलगा परत आला तो प्रशिक्षकांना विचारून, लिहून घेऊन. तो कागद त्याने आमच्या फ्रिजवर लावला. पक घेण्याआधी दोनदा मागे बघ. मागे सरकताना टाचांवर जाऊ नकोस. पहिला पास साधा ठेव. एवढंच होतं त्यावर. सामना हरला की तो तळघरात बसून फक्त आपल्या फसलेल्या शिफ्ट, म्हणजे बर्फावरच्या पाळ्या, बघायचा, टॅबलेट बंद करायचा आणि झोपायचा. दुसरा एक, अंगाने आणि कौशल्याने त्याच्याहून सरस, रात्री एक वाजेपर्यंत आपले गोल आणि लोकांनी काय लिहिलंय ते बघत बसायचा. पहिल्याबद्दल मला कधी काळजी वाटली नाही.

वर जायची संधी असूनही जे थांबले, त्यांचीही उदाहरणं या मुलांना मी सांगते. केल मकारला कोलोरॅडोने २०१७ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलं. तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून दोन मोसम खेळला, २०१९ मध्ये कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार मिळवला, आणि काही दिवसांत थेट एनएचएलच्या प्लेऑफमध्ये उतरून पहिल्याच सामन्यात गोल केला. आमच्या मिसिसागाचा ओवेन पॉवर २०२१ च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांत पहिला निवडला गेला होता. तरी तो आणखी एक मोसम मिशिगन विद्यापीठात राहिला, त्या काळात बीजिंग ऑलिम्पिकमध्ये कॅनडाकडून खेळला, आणि मग एप्रिल २०२२ मध्ये बफेलोकडून पहिला सामना खेळला तो टोरांटोतच. त्या रात्री आमच्या वस्तीत घरोघरी टीव्ही चालू होते, आणि बफेलो जिंकल्याचं दुःख या भागात बहुधा त्या एकाच दिवशी कुणाला झालं नाही.

६. प्रश्न मुलाचा असतो तितकाच तो कुठे जातोय त्याचा असतो.

ल्यूक शेनला टोरांटोने २००८ मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडलं आणि त्याच वर्षी, अठराव्या वर्षी, संघात घेतलं. पहिल्या मोसमात तो ७० सामने खेळला. धिप्पाड, कष्टाळू, धक्क्याला न घाबरणारा. पण टोरांटोने १९६७ नंतर स्टॅनली कप पाहिलेला नाही, आणि या शहराची ती भूक केवढी आहे हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. ती सगळी त्या मुलाच्या खांद्यावर आली. २०१२ मध्ये त्याला फिलाडेल्फियाला दिलं गेलं. २०१८-१९ मध्ये तो एएचएलमध्येही खेळला. पुढे २०२० आणि २०२१ मध्ये टँपा बेबरोबर त्याने सलग दोन कप जिंकले. दोन वर्षं आणखी ज्युनिअरमध्ये राहिला असता तर काय झालं असतं, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. मला वाटतं, त्याच्या वाट्याला शिकण्याची वर्षं आली ती उशिरा, आणि त्याने ती नेटाने वापरली, म्हणून मला त्याच्याबद्दल फार आदर आहे.

याच्या उलट डेट्रॉइटने मोरिट्झ झायडरचं केलं. २०१९ मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडलेला हा जर्मन मुलगा. आधी ग्रँड रॅपिड्सला एएचएलमध्ये, मग एक मोसम स्वीडनमध्ये रोग्ले क्लबकडे, आणि २०२१-२२ मध्ये वर. त्या मोसमात सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक त्यालाच मिळाला. डेट्रॉइटला या संयमाची सवय जुनी आहे. १९८९ मध्ये निवडलेला निकलस लिडस्ट्रॉम १९९१ पर्यंत स्वीडनमध्येच खेळला होता, आणि पुढे त्याने सात नॉरिस करंडक जिंकले.

७. वयाचा दंडक करू नये.

बॉबी ऑर १९६६ मध्ये अठराव्या वर्षी आला आणि पहिल्याच मोसमात काल्डर घेऊन गेला. ॲरन एकब्लाड, रासमुस डालीन अठराव्या वर्षीच स्थिरावले. आणि आता मॅथ्यू शेफर, आमच्यापासून तासाभरावरच्या हॅमिल्टनचा. ज्युनिअर विश्वचषकात गळपट्टीचं हाड मोडल्यामुळे ड्राफ्टच्या वर्षी तो ओएचएलमध्ये फक्त १७ सामने खेळला होता. तरी न्यूयॉर्क आयलँडर्सने २०२५ मध्ये त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं आणि ऑक्टोबरमध्ये लगेच उतरवलं. एवढ्या कमी खेळावर एवढी घाई कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण टीव्हीवर त्याचे पहिले सामने पाहिले तेव्हा मी सवयीने मानच बघत होते. पक कोपऱ्यात जायच्या आधी त्याची नजर मागे फिरून आलेली असायची, आणि वळताना वेग जराही तुटत नव्हता. असा मुलगा खाली ठेवला असता तर त्याचंच नुकसान झालं असतं.

८. तो रात्री कुठे झोपणार?

हे कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारते. संघातले बाकीचे बरेचसे वयाने मोठे, बायका-मुलं असलेले. सरावानंतर ते आपापल्या घरी जातात. अठरा वर्षांचा मुलगा परक्या शहरात, हॉटेलच्या खोलीत, बाहेरून मागवलेलं जेवण समोर ठेवून बसतो. २००५ मध्ये सिडनी क्रॉस्बी पिट्सबर्गला गेला तेव्हा क्लबचा मालक आणि खेळाडू मारियो लेम्यूने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. क्रॉस्बीसारख्या मोठ्या खेळाडूलाही घर लागलंच. बचावपटूचं काम तर चुका पोटात घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहण्याचं. वाईट सामन्यानंतर गरम जेवण आणि हॉकीबद्दल एक शब्दही न काढणारं माणूस, याची किंमत मी जवळून पाहिली आहे.

९. वडिलांना काय सांगावं.

तयार आहे का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते. त्याचा जोडीदार कोण असेल, अनुभवी की त्याच्यासारखाच नवा? रोज किती मिनिटं खेळवणार? चूक झाल्यावर बाकावर बसवून ठेवणार, की व्हिडिओ दाखवून पुढच्या शिफ्टला पाठवणार? ते समजावणारा बचावाचा प्रशिक्षक कोण आहे, आणि तो वर्षभर टिकणार आहे का? राहणार कुणाकडे? क्लबकडे याची उत्तरं असतील, आणि मुलाची मान मागे वळत असेल, तर जाऊ द्या. नसतील तर इथे त्याची खोली रिकामी ठेवलेली असते.