पिवळं कार्ड मिळालं, आता पुढे काय?

प्रश्न: आमच्या ग्रामपंचायतीला पाण्याचं पिवळं कार्ड मिळालंय, असं कळलं. हे कार्ड कशाचं असतं? ते हिरवं व्हावं म्हणून आम्हा गावकऱ्यांना काही करता येतं का, की सगळं सरपंचांच्याच हाती?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, गावातल्या पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतांची तपासणी करतो. आरोग्यसेवक विहीर, हातपंप, टाकी, नळाची लाइन पाहत फिरतात. विहिरीचा कठडा फुटलाय का, हातपंपाच्या ओट्याला भेगा आहेत का, व्हॉल्व्ह गळतोय का, शेजारी उकिरडा किंवा तुंबलेलं गटार आहे का, अशा नोंदींवरून जोखीम ठरते. ती ३० टक्क्यांच्या आत असली की हिरवं कार्ड, ७० च्या वर गेली की लाल, मधलं ते पिवळं. सलग ५ वर्षं हिरवं कार्ड टिकवलं आणि साथ आली नाही, तर चंदेरी. पिवळ्या कार्डाचा अर्थ पाणी आजच दूषित आहे असा नाही. पण पहिल्या जोरदार पावसात गटाराचं पाणी फुटक्या पाइपात शिरायला वाट मोकळी आहे, एवढं नक्की.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण खरं महत्त्व त्यालाच आहे. कार्ड देणारा विभाग गळका व्हॉल्व्ह बदलून देत नाही. ते काम ग्रामपंचायतीचं, आणि तिला जाब विचारायची जागा म्हणजे ग्रामसभा. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षातून किमान ४ ग्रामसभा घ्याव्याच लागतात. एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी गणपूर्तीला पुरते. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणंही बंधनकारक आहे. पाण्याचा विषय तिथे आधी निघायलाच हवा. कुठल्या आळीत सकाळी गढूळ पाणी येतं, हे बायकांइतकं नेमकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं.

सभेत ‘पाणी चांगलं का येत नाही?’ असं मोघम विचारलंत, तर ‘बघतो, करून घेतो’ एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी तपासणीचा अहवाल वाचून दाखवायला सांगा. एकेक त्रुटी घेऊन विचारा: दुरुस्तीला खर्च किती, तो कोणत्या निधीतून, काम कधीपर्यंत? वित्त आयोगाच्या बंधित निधीतला पैसा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा असतो. तो किती आला आणि कुठे गेला, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी आश्वासनाचा पुढच्या सभेत काहीच पुरावा उरत नाही.

फारसं कुणी वापरत नाही असं एक कलमही याच ग्रामपंचायत कायद्यात आहे. गावात काम करणाऱ्या सरकारी, निमसरकारी आणि पंचायतीच्या कर्मचाऱ्यांवर ग्रामसभेचं शिस्तविषयक नियंत्रण असतं. त्यांची हजेरी आणि कामाचं वार्षिक मूल्यमापन ग्रामसभेने करायचं, अनियमितता दिसली तर गटविकास अधिकाऱ्यांना कळवायचं आणि त्यांनी चौकशी करायची, अशी तरतूद आहे. किती गावांत हे मूल्यमापन खरोखर विषयपत्रिकेवर येतं? मला याची मनापासून खंत वाटते. हा अधिकार सूड उगवण्यासाठी नाही. गावच्या पाण्याचं शुद्धीकरण पाहणाऱ्या जलसुरक्षकाने चांगलं काम केलं तर त्याची नोंद व्हावी, त्याला लागणारं सामान वेळेवर मिळावं, यासाठीही तो तितकाच उपयोगी आहे.

त्याच्या कामाची एक तपासणी तुम्ही स्वतः उभं राहून पाहू शकता. टाकीत साधारण १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात. उघड्या पोत्यात, दमट खोलीत ठेवलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि मग माप बरोबर असूनही उपयोग होत नाही. म्हणून ओटी चाचणी करायची: काचेच्या नळीत पाणी घेऊन ओटी (ऑर्थोटोलिडीन) या रसायनाचे थेंब टाकायचे. पिवळसर रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी तसंच राहिलं तर नाही. ही चाचणी टाकीखालच्या नळावर नव्हे, लाइनीच्या शेवटच्या घरात करायला सांगा. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तिथपर्यंत पोचायला हवा.

पुढची तपासणी पावसाळ्यानंतर होईल. त्याआधी १५ ऑगस्टच्या सुमारास ग्रामसभा असते. तिची सूचना निघण्याआधीच ‘पाणी तपासणीतील त्रुटी व त्यांची दुरुस्ती’ हा विषय घ्यावा, असा लेखी अर्ज कार्यालयात द्या आणि पोच घ्या.