चाक बाहेर सरकले, भार कोठे गेला?



दिवाळी आटोपली की आपल्या वर्धा जिल्ह्यातील रस्त्यांवर कापसाची वर्दळ सुरू होते. एके काळी हिंगणघाटच्या बाजारात कापूस बैलबंड्यांतून येई. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप गाड्या तो वाहून आणतात. अशीच एक पिकअप माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने कर्ज काढून घेतली आहे. गेल्या हंगामाच्या तोंडावर तो घरी आला आणि म्हणाला, "सर, मूळ चाके काढून रुंद चाके बसवावी म्हणतो. ती बाहेर निघालेली असतात. गाडी पलटत नाही आणि काळ्या मातीत फसत नाही, असे सारे सांगतात. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हटले, "मी काहीच म्हणत नाही. कागद-पेन्सिल घे, आपण गणितालाच विचारू."

प्रथम 'ऑफसेट' म्हणजे काय ते पाहू. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य काढा. चाक हबवर ज्या पृष्ठभागाने टेकते, तो पृष्ठभाग या मध्यापासून जितका दूर, तितका चाकाचा ऑफसेट. हा पृष्ठभाग मध्याच्या बाहेरच्या अंगाला असेल तर ऑफसेट धन, आतल्या अंगाला असेल तर ऋण. रिमवर 'ईटी ४०' असे कोरलेले असेल, तर ऑफसेट धन ४० मिमी. आहे असे समजावे. अशा चाकाच्या जागी शून्य ऑफसेटचे चाक लावले, तर चाकाचा मध्य ४० मिमी., म्हणजे जेमतेम दोन बोटे, बाहेर सरकतो. चाकामागे जाड चकती, म्हणजे स्पेसर, बसवली तरी परिणाम तोच.

आता पहिला दावा. रुंद टायर मातीत फसत नाही, हे खरे काय? समजा, एका चाकावर ६०० किलोग्रॅम भार आहे आणि टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम आहे. टायरच्या कडांचा ताठरपणा सोडून दिला, तर भार मुख्यतः ही हवाच पेलते. म्हणून जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ ६०० ÷ ३ = २०० चौ. सेंमी. टेकलेला भाग २० सेंमी. रुंद असेल, तर तो १० सेंमी. लांब होईल. आता २५ सेंमी. रुंदीचा टायर लावा आणि हवा तेवढीच भरा. क्षेत्रफळ पुन्हा २०० चौ. सेंमी.च! फक्त लांबी ८ सेंमी.वर आली. टेकलेल्या भागाचा आकार बदलला; जमिनीवरचा दाब जवळजवळ तोच राहिला. रुंद टायरचा खरा लाभ तो तोच भार कमी दाबाच्या हवेवर पेलू शकतो तेव्हा होतो. पण हवा किती कमी करावी यालाही टायर बनवणाऱ्याने मर्यादा घातलेली असते. शिवाय पावसात रुंद टायरला आपल्याखालचे पाणी बाजूला सारणे अधिक अवघड जाते, आणि वेगात असताना चाक पाण्यावर तरंगू लागण्याचा धोका वाढतो.

दुसरा दावा मात्र खरा आहे. कापूस वजनाला हलका, पण जागा फार खातो. त्याचा ढीग उंच जातो, गुरुत्वमध्य वर चढतो आणि वळणावर गाडी कलंडू शकते. दोन चाकांमधील अंतराच्या निमपटीला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. हा भागाकार जितका मोठा, तितकी गाडी स्थिर. समजा, अंतर १४० सेंमी. आणि उंची १०० सेंमी. आहे. भागाकार ०.७० येतो. दोन्ही चाके ४-४ सेंमी. बाहेर काढली, तर अंतर १४८ सेंमी. आणि भागाकार ०.७४. लाभ झाला खरा! पण चाके मूळचीच ठेवून गुरुत्वमध्य साडेपाच सेंमी. खाली आणला, तरी भागाकार तेवढाच येतो. म्हणजे कापूस थोडा कमी उंच भरला की हाच लाभ फुकट मिळतो.

आणि चाके बाहेर काढण्याची किंमत कोण मोजते? बेअरिंग! पुढच्या चाकाच्या हबमध्ये पुष्कळदा दोन बेअरिंगे असतात. आतले मोठे, बाहेरचे लहान. समजा, त्यांच्यात ६० मिमी. अंतर आहे आणि चाकाचा मध्य आतल्या बेअरिंगपासून २० मिमी.वर येतो. गाडी सरळ चालली आहे असे धरू. परिबलांच्या नियमाने आतल्या बेअरिंगवर ४०० किलोग्रॅम आणि बाहेरच्यावर २०० किलोग्रॅम भार येतो. आता मध्य ४० मिमी. बाहेर सरकवा. तो थेट बाहेरच्या बेअरिंगवर आला. सारे ६०० किलोग्रॅम त्या लहान बेअरिंगच्या डोक्यावर! भार तिप्पट झाला. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. ते ३ × ३ × ३, म्हणजे २७ पटींनी घटते. रोलरच्या बेअरिंगचे तर त्याहूनही अधिक.

इतकेच नव्हे. स्टिअरिंग फिरवले की पुढचे चाक ज्या रेषेभोवती वळते, तिच्यापासून टायरची टेकण्याची जागा दूर गेली. तरफेचा दांडा लांबला. एक चाक खड्ड्यात आदळले, तर स्टिअरिंगला बसणारा हिसकाही वाढणार. भरल्या गाडीचा असा हिसका चालकाच्या हातून गाडी सोडवू शकतो. कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही.

आता एक प्रयोग करा. दोन काडेपेट्या ६ सेंमी. अंतरावर ठेवा. ही झाली दोन बेअरिंगे. त्यांवर हलकी पट्टी ठेवा आणि पट्टीवर नाण्यांची चवड. ही चवड आतून बाहेर हळूहळू सरकवत न्या. बाहेरची काडेपेटी ओलांडून थोडे पुढे जाताच पट्टीचे आतले टोक वर उचलले जाईल. दोन बोटांच्या सरकण्याने काय होते, ते डोळ्यांनी दिसेल.

माझ्या विद्यार्थ्याने कागदाची घडी करून खिशात घातली. मूळ चाके त्याने तशीच ठेवली. झिजलेले टायर काढून त्याच मापाचे नवे घेतले आणि कापूस वीतभर कमी उंच भरू लागला. खेपा काही वाढल्या, पण हंगाम निर्धोक पार पडला.

जाता जाता तुमच्यासाठी एक उदाहरण. वरच्याच गाडीचे चाक ४० ऐवजी ५० मिमी. बाहेर सरकवले, तर प्रत्येक बेअरिंगवर किती भार येईल? एक उत्तर ऋण येईल. ते चुकले म्हणून खोडू नका. त्या ऋण चिन्हाचा अर्थ काय, हे काडेपेट्यांना विचारा.