हात कामात, कान विज्ञानात

ताईंनो, शेंगा फोडताना, पापड लाटताना हात गुंतलेले असतात, पण कान मोकळे असतात. त्या वेळात विज्ञान ऐकता येतं. कसं शोधायचं, ते बघू.

१. टाइप करायची गरज नाही. यूट्यूबवर माइकचं चिन्ह दाबून मराठीत विचारा, “दुधाचं दही कसं होतं?” विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात, म्हणून दूध घट्ट होतं. कडकडीत दुधात ते मरतात, म्हणून कोमट दूध. जयंत नारळीकरांची मराठी भाषणंही मिळतील.

२. ‘न्यूज ऑन एअर’ या मोफत अ‍ॅपवर आकाशवाणीची मराठी केंद्रं लागतात.

३. बोलणारा कोण, ते आधी बघा. कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र असेल तर ऐका. “शंभर टक्के गुण” म्हणत औषध विकत असेल तर बंद करा.

४. ऐकलेली फवारणी लगेच करू नका. किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर मराठीत विचारा. फोन मोफत आहे, सकाळी ६ ते रात्री १०.

५. कडबाकुट्टी किंवा गिरणी चालू असताना कानात काही घालू नका.

येत्या बैठकीत प्रत्येकीने ऐकलेली एक गोष्ट सांगायची. चालेल ना?