आकड्यांचे निदान

गुणवत्ता-व्यवस्थापन हा शब्द आता आपल्या रुग्णालयांच्या अंगवळणी पडला आहे. दरमहा तक्ते भरले जातात, त्यांना लाल-हिरवे रंग दिले जातात आणि बैठकीत त्यांचे वाचन होते. आकडे असावेत याविषयी दुमत नाही. परंतु ताप मोजणे वेगळे आणि तापाचे निदान करणे वेगळे, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. तक्त्यापुढे बसलो की मात्र स्वतः विसरतो.

या विस्मरणापासून थोर माणसेही सुटलेली नाहीत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या रुग्णालयांविषयीच्या ग्रंथाच्या 1863 सालच्या आवृत्तीत लंडनमधील 24 रुग्णालयांचा मृत्युदर 90.84 टक्के असा छापला गेला. आकडा वाचून छाती दडपावी! प्रत्यक्षात 1861 साली एका ठराविक दिवशी तेथे 4214 रुग्ण होते आणि संपूर्ण वर्षात 3828 मृत्यू झाले होते. अंश वर्षाचा आणि छेद एका दिवसाचा. वर्षभरात बरे होऊन घरी गेलेले हजारो रुग्ण हिशेबातच नव्हते. समकालीन वैद्यकांनी यावर कडाडून टीका केली, ती रास्तच होती.

न्यूयॉर्क राज्याने 1989 पासून हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियांची मृत्युनोंद सुरू केली. पुढे 1991 मध्ये शल्यविशारदांची नावेसुद्धा वृत्तपत्रात आली. रुग्णाची जोखीम लक्षात घेऊन काढलेला मृत्युदर तेथे तीन वर्षांत 4.17 वरून 2.45 टक्क्यांवर आला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्याच काळात रुग्णांच्या नोंदींत फुफ्फुसाच्या जुनाट विकाराचे प्रमाण एकाएकी वाढले. अधिक जोखमीचा रुग्ण दाखविला की मृत्यू माफ होतो, हे लोकांच्या ध्यानी आले होते. सुधारणा किती खरी आणि किती कागदावरची, यावर वाद झडले.

आमचे शेजारी बडोद्यातील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होते. त्यांनी मला एडवर्ड्स डेमिंग यांचा लाल मण्यांचा खेळ दाखविला. पेटीत 4000 मणी, पैकी 800 लाल. कामगाराने डोळे मिटून 50 खळग्यांची फळी बुडवायची; लाल मणी म्हणजे सदोष माल. कुणाच्या फळीत सहा लाल, कुणाच्या चौदा. सहावाल्याची पाठ थोपटायची, चौदावाल्याला दम भरायचा. पुढच्या खेपेला चौदावाला बहुधा दहाच्या आसपास येतो आणि साहेबांना वाटते, दम लागू पडला! पेटीकडे कुणी पाहातच नाही.

मी तेव्हा हसलो. मात्र काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात नवजात शिशु विभागाचा प्रमुख असताना तोच साहेब मी झालो होतो. एका तरुण सहकाऱ्याकडे एका महिन्यात 20 बाळे दाखल झाली, तीन दगावली. आदल्या महिन्यात 20 पैकी एक. तक्त्यात 5 टक्क्यांचे 15 झाले, रकाना लाल झाला. त्या तिघांपैकी दोघे छोटा उदेपूरकडून मध्यरात्री जीपमधून, थंडगार पडलेल्या अवस्थेत आलेले, त्यातले एक 900 ग्रॅमचे. तिसऱ्याला गंभीर जन्मजात हृदयदोष. तरीही लेखी खुलासा मागविण्यात आला. त्या पत्रावर स्वाक्षरी माझी होती.

त्यानंतर फोन आला की तो प्रथम विचारू लागला, “वजन किती? कुठून येताय?” एका रात्री किलोभराच्या बाळासाठी फोन आला. खाट रिकामी नाही, असे त्याने सांगितले. खाट रिकामी होती. ते बाळ कुठे गेले, त्याचे काय झाले, मला कधीच कळले नाही. आमचा तक्ता मात्र हिरवा झाला, आणि वार्षिक सभेत मी त्याला प्रशस्तिपत्र दिले. सिस्टरने ही हकीकत सांगितली ती नंतर.

अशा हिरव्या रकान्यांची पैदास सोपी असते. रक्ताचे कल्चर कमी पाठविले की जंतुसंसर्गाचा दर उतरतो. औषध देण्यातील चुका नोंदविणाऱ्या परिचारिकेला एकदा सर्वांसमक्ष झापले की पुढील महिन्यात चुका शून्य! चुका होतच राहतात. थांबते ती नोंद.

मी आज जेथे काम करतो तेथे आम्ही व्यक्तींचे रकाने काढून टाकले आहेत. संपूर्ण विभागाचा दोन वर्षांचा आलेख भिंतीवर असतो, वजनगटांनुसार आणि बाळ इथे जन्मले की बाहेरून आले यानुसार विभागलेला. आलेख नेहमीच्या चढउतारांपलीकडे गेला तरच आम्ही थांबतो, आणि तेव्हाही आधी वॉर्मर, वाहतूक, रात्रपाळीची संख्या पाहतो. नाकारलेल्या प्रत्येक बाळाचीही नोंद ठेवतो. निष्काळजीपणा दिसलाच तर त्याची चौकशी स्वतंत्रपणे, केसपेपर समोर ठेवून होते.

गेल्या तिमाहीत औषध-चुकांच्या नोंदी चारवरून अकरावर गेल्या. त्यांतील सात मात्रेच्या दशांश चिन्हाच्या होत्या आणि त्या सर्व औषध देण्यापूर्वीच लक्षात आल्या होत्या. हा आकडा वाढला याचा मला आनंद का झाला, हे विश्वस्तांना समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. त्यांपैकी एकांना ते अद्याप पटलेले नाही.